धुक्यातली बरोबरी

शनिवार, १ मार्च २०२५

ही डायरी सुप्रभाने आणून दिली. चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काढल्यामुळे समोरच्या माणसाला गप्प कसं करायचं हे तिला बरोबर कळतं. म्हणाली, "अहो, जे जे बोलावंसं वाटेल ते आधी यात लिहा. लिहून झाल्यावरही बोलण्यासारखं काही उरलं, तर बोला."

"आणि नाही उरलं तर?"

"तर घरात शांतता."

निमित्त झालं देविकाचं. आज सकाळी ती रीडिंगहून लंडनजवळ स्लाऊला आमच्या घरी आली आणि अंगातला कोटही न काढता म्हणाली, "बाबा, माझा लग्न ठरला."

मी म्हणालो, "माझं. ते लग्न. माझं लग्न ठरलं."

"माझी लग्न ठरलं."

"अगं, ते घर, ते मूल, तसं ते लग्न!"

यावर मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मला वाटलं, मी जरा जास्तच टोकलं. चहा होईपर्यंत कळलं नाही की खरंच लग्न ठरलंय.

रविवार, २ मार्च

मुलाचं नाव कॅलम. देविकाच्याच ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मूळचा स्केराचा. स्केरा म्हणजे स्कॉटलंडच्याही वर, समुद्रात एक बेट आहे. तिथले लोक त्याला राष्ट्र म्हणतात. त्यांना स्वतःचा झेंडा आहे, राष्ट्रगीत आहे आणि राष्ट्रीय फुटबॉल संघही आहे. लोकसंख्या विचाराल तर रविवारी लंडनच्या ईलिंग रोडवर मेथी घ्यायला याहून जास्त माणसं असतात.

कॅलमचे वडील मॅग्नस तिथे फेरीबोट चालवतात. वीस वर्षं ते राष्ट्रीय संघाचे गोलकीपर होते. ते आणि त्यांची बायको इंगा २३ तारखेला आपल्याकडे जेवायला येणार आहेत. म्हणजे व्याही-विहीण!

देविकाने बजावलं, "बाबा, या वेळी गुडघा नको."

गुडघा म्हणजे हरीशच्या वडिलांचा. चार वर्षांपूर्वी तिचं हरीशशी जवळजवळ ठरलं होतं. जेवताना त्याचे वडील सांगायला लागले की डॉक्टर म्हणाले, तुमचा गुडघा पंचविशीतल्या पोरासारखा आहे. मी रेडिओलॉजिस्ट. एक्स-रे बघायला मागितला. त्यांच्या फोनवर होता. बघितला आणि चारचौघांत खरं काय ते सांगितलं. बोलणी तिथेच थांबली. पुढे त्यांनी गुडघा बदलून घेतला हे कोणी लक्षात घेत नाही. मी बरोबर होतो.

"दिस टाइम आय मीन इट," देविका म्हणाली. "तुम्ही परत असं काही केलं ना, तर आम्ही स्केराला जाऊन रजिस्टर करू आणि तुम्हाला फोटो पाठवू. तुम्हाला फोटो बघायला आवडतात ना?"

हे ती गमतीत म्हणाली असावी. सुप्रभा मात्र हसली नाही.

शुक्रवार, ७ मार्च

व्याह्यांशी बोलायला विषय हवा. फुटबॉलचं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून स्केराच्या संघाचा इतिहास वाचायला घेतला. त्यांच्या एका शाळामास्तरांनी सगळा इंटरनेटवर घातला आहे, फोटोंसकट.

वाचता वाचता मी इतका हसलो की सुप्रभा धावत वर आली. या राष्ट्राने पन्नास वर्षांत एकही सामना जिंकलेला नाही! मैदान उतरतं आहे आणि उताराच्या टोकाला समुद्र. चेंडू पाण्यात गेला की तो आणायला एक माणूस बोट घेऊन थांबलेला असतो. त्याच्या नावावर संघातल्या कोणाहीपेक्षा जास्त सामने आहेत. राष्ट्राचा पहिला गोल वाऱ्याने केला. समोरच्या संघाच्या गोलकीपरने लाथ मारली, वाऱ्याने चेंडू परत आणला आणि त्याच्याच जाळ्यात टाकला. तरी मास्तरांनी तो 'आपला पहिला गोल' म्हणूनच नोंदवलाय. एकदा ते पंधरा-शून्यने हरले आणि पुढच्या वेळी बारा-शून्यने. त्यावर मास्तर लिहितात, 'बचावात लक्षणीय सुधारणा.'

असल्या लोकांत मुलगी द्यायची!

बुधवार, १२ मार्च

कॅलम जेवायला आला. उंच, लालसर केसांचा, लाजरा. दारात वाकून नमस्कार केला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "तुम्हाला बघून माझा आनंद गगनात मावेनासा झाला."

मी थक्क झालो. आत आल्यावर म्हणाला, "मिरचीच्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटले." एक घास खाल्ल्यावर म्हणाला, "माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले." सुप्रभाने दही वाढलं.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. हा वेम्बलीला मुरलीधरकडे मराठी शिकतो. मुरलीधर माझा मेडिकल कॉलेजपासूनचा मित्र, रिटायर झाल्यापासून देवळामागच्या हॉलमध्ये रविवारचा मराठीचा वर्ग घेतो. लहानपणी त्याला परीक्षेत एकाच प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळायचे: वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. तेवढंच तो शिकवतो. कॅलमला 'मीठ द्या' म्हणता येत नाही, पण 'जखमेवर मीठ चोळणे' येतं. तेच म्हणून त्याने मिठाकडे बोट दाखवलं.

मुरलीधरला फोन करून झापलं. म्हणाला, "शशी, माझा तो सर्वोत्तम विद्यार्थी आहे. तुझ्या पोरीला तरी लिंग कळतं का?"

पोरगा वाईट नाही. जाताना मी त्याला विचारलं, १९९१ साली आपण अकरा-शून्यने का हरलो? म्हणाला, निम्मा संघ मेंढ्यांची लोकर कापायला गेला होता. म्हणजे आपल्याकडे माणसंच कमी होती! मग कसं जिंकणार?

सुप्रभा माझ्याकडे बघत राहिली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही. 'आपण' म्हणालात."

रविवार, १६ मार्च

आज एक शोध लागला. आधी तो शांतपणे लिहून काढतो.

स्केराच्या इतिहासात एकच सामना हरलेला नाही. १९८५ साली, शेजारच्या व्हॉर्से बेटाविरुद्ध, शून्य-शून्य. गोलमध्ये कोण होते? आमचे व्याही, मॅग्नस! त्या दिवशी इतकं धुकं होतं की रेफरीलाही पलीकडचं काही दिसत नव्हतं. तेव्हापासून त्या तारखेला बेटावर राष्ट्रीय सुट्टी असते. शाळा बंद, बोटी बंद, घरोघरी केक. त्याला 'धुक्याचा दिवस' म्हणतात. वाचताना माझा ऊर भरून आला. लिहायला लाज कसली, खरंच आला.

त्या सामन्याचा एकुलता एक फोटो साइटवर आहे. पाहणाऱ्याला वाटेल कोरा कागद आहे. त्यात थोडासा खांब आणि खांबाशेजारी मॅग्नसची पाठ दिसते. पण पांढऱ्यात पांढरं शोधण्यातच माझं आयुष्य गेलं. मी फोटो मोठा केला, काळा-पांढरा उलटा केला, खालून वर नेहमीच्या शिस्तीने वाचत गेलो. मॅग्नसच्या डाव्या पायामागे एक गोल सावली आहे, कडा स्पष्ट. तो चेंडू आहे.

आणि तो रेषेच्या आत आहे. गोल झाला होता. ती बरोबरी नव्हतीच.

सोमवार, १७ मार्च

सुप्रभाला सांगितलं. ती भांडी लावत होती. हातातली कढई तिने अगदी सावकाश खाली ठेवली.

"हे तुम्ही कोणाला सांगणार नाही आहात."

"पण ते खरं आहे."

"डायरीत लिहिलंत ना? झालं तर."

"अगं, एका राष्ट्राचा इतिहास चुकीचा लिहिला गेलाय! उद्या कोणी दुसऱ्याने सांगितलं तर? त्यापेक्षा घरच्या माणसाने, प्रेमाने—"

"गुडघासुद्धा प्रेमानेच सांगितला होतात."

मग ती म्हणाली, तिच्याकडे अजून भुलीची काही औषधं असती तर २३ तारखेला मला टेबलाशी बसवून झोपवलं असतं. हे ती हसत म्हणाली, पण माझ्या वजनाचा आकडा तिने तोंडपाठ सांगितला.

बुधवार, १९ मार्च

दिवसभर तो फोटो डोळ्यांपुढून हलत नाही. चेंडू आतच आहे. पुन्हा पाहिला, आतच आहे. देविकाचा फोन आला तेव्हा तोंडावर आलं होतं, पण ती म्हणाली, "बाबा, कॅलमचे डॅड खूप नर्व्हस आहे. त्यांनी तुम्हाला भेटायला नवीन शर्ट घेतलाय." मी म्हणालो, "आहेत. नर्व्हस आहेत." एवढंच बोललो.

नवीन शर्ट घेतलाय. माझ्यासाठी.

गुरुवार, २० मार्च

कल्पना सुचली! व्याह्यांचा सत्कार करायचा. आपल्या पद्धतीने, शाल आणि श्रीफळ. वीस वर्षं राष्ट्राची सेवा केलेला माणूस घरी येतोय, तर नुसतं जेवू घालून पाठवायचं? शिवाय सत्कार करताना माणूस आपोआप चांगलंच बोलतो.

वेम्बलीला जाऊन खरेदी केली. शाल उत्तम मिळाली, तपकिरी, काठाला जरीची रेघ. नारळ मी स्वतः निवडला, कानाशी हलवून, पाणी वाजतं का बघून. दुकानातल्या बाईने विचारलं, पूजा आहे का? मी म्हणालो, इंटरनॅशनल गोलकीपर येतोय. तिने आणखी एक नारळ घ्या म्हणून आग्रह केला. एकच घेतला. सत्काराला एकच लागतो.

शनिवार, २२ मार्च

हीटिंगवरून भांडण. मार्च संपत आला तरी सुप्रभाला बॉयलर धगधगता लागतो. मी थर्मोस्टॅट सोळावर आणून ठेवला. पाहुणे उत्तर समुद्रातल्या बेटावरून येतायत, त्यांना स्लाऊत घाम फुटेल. या मुद्द्यावर मी जिंकलो, असं मला वाटतं. ती स्वेटर घालून निघून गेली.

रविवार, २३ मार्च

सगळे गेले. घडलं तसं लिहितो.

मॅग्नस दारात आले तेव्हा दार भरून गेलं. नवा शर्ट, त्यावर घडीच्या रेघा तशाच. माझा हात त्यांच्या हातात नाहीसा झाला. इंगाबाई बारीक, हसऱ्या, आणि कोट काढल्या काढल्या कुडकुडायला लागल्या. म्हणाल्या, बेटावर घरं उबदार असतात. सुप्रभाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली.

मी स्वयंपाकघरात नारळाची तयारी केली. शेंडी नीट केली, हळद-कुंकू लावलं, तबकात अक्षता ठेवल्या. शाल कपाटात नव्हती. वाटलं, सुप्रभाने बैठकीत आणून ठेवली असेल. तबक घेऊन गेलो. सगळे बसले होते. मी घसा साफ केला आणि दोन ओळींचं इंग्रजी भाषण केलं: आपण आपल्या राष्ट्राची आजवर जी सेवा केलीत ती आम्ही जाणतो, आज या घरातून आपल्याला हे देताना मला समाधान वाटतं. कुंकू लावलं. दोन्ही हातांनी नारळ मॅग्नसच्या हातात ठेवला. त्यांनी तो छातीशी धरला. चेंडू धरावा तसा, सवयीनेच.

कॅलम उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही माझ्या वडिलांना नारळ दिला?"

"हो! मनापासून दिला."

"फक्त नारळ?"

"मग काय, दोन देऊ?"

देविका म्हणाली, "कॅल, व्हॉट्स राँग?" त्याने तिला इंग्रजीत सांगितलं. नारळ देणे म्हणजे काढून टाकणे. वाक्यात उपयोग: चोरी केल्याबद्दल शेठजींनी नोकराला नारळ दिला. मुरलीधरकाकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. 'आजवर सेवा केलीत' असं म्हणून, या घरातून, कपाळावर लाल खूण करून.

देविकाला हा वाक्प्रचार कुठून माहीत असणार? तिला नारळ म्हणजे चटणी. ती माझ्याकडे वळली. "बाबा, यू डिड इट अगेन." आरडाओरडा केला नाही, हळूच म्हणाली, आणि कोट घ्यायला गेली. मॅग्नसना काहीच कळलं नव्हतं. ते नारळ हलवून आतलं पाणी ऐकत होते.

 मी बरोबर होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते सिद्ध कसं करायचं ते सुचत नव्हतं.

"अहो," सुप्रभा म्हणाली, "शाल कुठाय?"

शाल इंगाबाईंच्या अंगावर होती. गळ्यापर्यंत गुंडाळलेली.

मग सुप्रभानेच सगळ्यांना समजावलं. शाल आणि नारळ एकत्र दिले तर तो सत्कार, आमच्याकडचा मोठा मान. नुसता नारळ दिला तर घरी जा. मधला फरक एवढाच, की कोणीतरी हीटिंग सोळावर ठेवलं. सगळ्यांत आधी इंगाबाई हसल्या. त्यांनी शाल काढली, नवऱ्याच्या खांद्यांवर घातली आणि वरून एक थोपटी मारली. कॅलमने श्वास सोडला. म्हणाला, "माझा जीव भांड्यात पडला."

अगदी अचूक उपयोग. देविका कोट हातात घेऊन दारात उभी होती. तो तिने परत खुंटीला लावला. सुप्रभाने थर्मोस्टॅट बावीसवर नेला.

जेवण छान झालं. खरी कसोटी त्यानंतर होती. मॅग्नसनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली भेट काढली. फ्रेम होती. मी कागद फाडायच्या आधीच ओळखलं. तोच फोटो, मूळ, मोठा, साइटवरच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ.

"कॅलम सांगतो, तुम्ही फोटो वाचण्यात नाव कमावलंय," मॅग्नस म्हणाले. "चाळीस वर्षांत याच्याकडे तुमच्यासारख्या माणसाने पाहिलेलं नाही. काय दिसतं, सांगा."

देविकाचा चमचा श्रीखंडात थांबला. सुप्रभाने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला, पण दाबला नाही. नुसता ठेवला.

मी चष्मा पुसला. फ्रेम दिव्याखाली धरली. चेंडू होता. या प्रतीत तर त्याची शिवणसुद्धा दिसत होती. त्याच्यासमोर, पाठमोरा, पंचविशीतला एक पोरगा, हात फाकून, धुक्यात एकटा. मला त्याची फार माया आली. जन्मभर मी जे दिसलं ते लिहिलं आणि लोकांनी ते ऐकून घेतलं. माझ्या मुलीच्या लग्नाचा मात्र मला फोटो बघायचा नव्हता. मला तिथे हजर राहायचं होतं, असेल तिथे, उतरत्या मैदानावर, समुद्राच्या कडेलासुद्धा.

"धुकं," मी म्हणालो. "सगळं धुकं आहे. दुसरं काही दिसत नाही."

"नक्की?"

"नॉर्मल स्टडी," दोष नसला की रिपोर्टात लिहायचो तसं मी म्हणालो.

देविकाने माझ्याकडे पाहिलं. ती रेडिओलॉजिस्टची मुलगी आहे, माझा आवाज ओळखते.  उठून मागून येऊन माझ्या गळ्यात हात टाकले आणि कानाशी म्हणाली, "बाबा, माझं लग्न तुम्हीच लावून द्यायचं."

माझं लग्न! मी टोकायला तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं. डोळ्यांत पाणी आलं ते श्रीखंडाच्या वेलदोड्याने, असं सांगितलं. कोणाचा विश्वास बसला नाही.

निघताना इंगाबाई गाडीत बसल्या, सुप्रभाही गप्पा मारत त्यांच्याशेजारी जरा टेकली, मुलं सामान ठेवत होती. मॅग्नस आणि मी फाटकापाशी उभे होतो. त्यांच्या अंगावर शाल, बगलेत नारळ. ते वाकून माझ्या कानाशी आले.

"शशी, तो आत होता. मी काढला आणि लाथ मारून पुढे पाठवला. कोणालाच दिसलं नाही. इंगालासुद्धा सांगितलेलं नाही. चांगला यार्डभर आत होता."

"छे," माझ्या तोंडून निघून गेलं. "यार्ड कुठला? अर्धा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग इतके हसायला लागले की बगलेतला नारळ सुटला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हातांच्या मधून तो खाली पडला, उतारावरून घरंगळला आणि फाटकाच्या दोन खांबांमधून रस्त्यावर गेला. मग मलाही हसू आवरेना. आम्ही दोघं म्हातारे एकमेकांना धरून उभे होतो.

सुप्रभाने काच खाली केली. "अहो, काय झालं?"

"काही नाही," आम्ही दोघंही म्हणालो. "धुकं आहे."

आकाशात चांदणं पडलं होतं.

सगळं लिहून झालं. सुप्रभाच्या नियमाप्रमाणे वरून खाली वाचून पाहिलं. यातलं बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.